जुनं म्हणजे कधीपर्यंतचं

विश्रामबागेत टायरच्या दुकानावरच्या माडीवर
आमचं स्टेशन.
खाली कुणी चाकातली हवा सोडली
की माझ्या माइकलाही ती ऐकू जाते.
एकवीस वर्षं झाली,
सकाळी सात ते दहा मी इथे जुनी गाणी लावते.
जुनी म्हणजे कधीपर्यंतची,
ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं:
पंचाहत्तर.

मार्चात मालक वर आले.
हळदीचे सौदे चालू होते, सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या.
म्हणाले, उपाध्येबाई, ऐकणारे कमी होतायत.
मी म्हटलं, कमी होत नाहीत, जातायत.
ते म्हणाले, तेच.
आणि पंचाहत्तर तळहातानं पुसून
पंच्याण्णव लिहिलं.

वीस वर्षं एका हातासरशी.
असं नसतं हो करायचं.
मिरजेचे इलाही सतारमेकर सांगायचे,
जुन्या सतारीच्या तारा सगळ्या एकदम उतरवू नका,
भोपळ्याला कळतं.
एक काढा, एक चढवा,
रात्रभर तिला पडू द्या.

मग मी वही केली. शंभर पानी, आखीव.
दोन ओळखीची.
मग एक पंच्याऐंशीचं, पण बासरी आधीच्याच गाण्याच्या वळणाची.
त्याच्या पाठोपाठ लगेच इतकं जुनं
की सूर लागण्याआधी सुईची खरखर येते,
म्हणजे कुणाला शंका आलीच
तर वाटावं, आपलेच कान चुकले.
सात चाळीसला हात लावायचा नाही.
तेव्हा सुकुमार चौगुले गणपती पेठेत
शटर अर्धं वर करून थांबतात,
धृपद संपलं की उरलेलं अर्धं.

तरी फोन आलाच.
तासगावहून, बेदाण्याच्या शेडमधून:
"ताई, आज मधीच कोण पावनं आल्तं म्हणायचं?"
मी म्हटलं, जावई समजा.
पलीकडे पंख्याचा आवाज, मग थोडं हसू.
"मग बसू द्या की.
पर रोज नगं."

रोज नाही. मंगळवारी एक, शुक्रवारी एक.
पावसाळ्यापर्यंत जावयाला
कुणी पाट मांडेनासं झालं,
म्हणजे तो घरचा झाला.

मी मनात खूश होते,
तेव्हा हेरवाडेकाकू जिना चढून आल्या.
अठरा वर्षं दर गुरुवारी, सव्वाआठला, त्यांची फर्माईश.
नावं दोघांची: इंदुमती आणि श्रीपाल.
पाणी प्यायल्या. म्हणाल्या,
ते गाणं काढा आता.
मी चाचरत म्हटलं, नाव एकटीचं वाचते पुढच्या वेळी.
म्हणाल्या, नावं दोघांचीच राहू देत.
गाणं काढा.
त्याच्या जागी काय लावू, काकू?
खाली कुणीतरी हवा सोडली,
ती पूर्ण सुटेपर्यंत त्या थांबल्या.
"काहीही. ज्याचे शब्द मला येत नाहीत
असं."

अठरा वर्षं मी कुणाकुणाला सांभाळत होते,
कोण दुखावेल, कोण दुसरीकडे काटा फिरवेल.
काढून टाका म्हणणारं
माझ्या वहीत कुठल्याच रकान्यात नव्हतं.

गुरुवारी सव्वाआठला
मी त्र्याण्णवचं एक लावलं.
विलिंग्डनच्या कट्ट्यावर, सेल उतरलेल्या टेपवर,
थोडं जडावलेल्या चालीत ऐकलेलं.
वहीत ते मी कधी येऊच दिलं नव्हतं.
म्हणायचे, हे कुठलं जुनं?
नावं वाचली. दोघांची.
मग फोनजवळ बसले
जावयाची सगळी उत्तरं तयार ठेवून.

सुकुमार चौगुले नाही.
पेठेतलं कुणी नाही.
तासगावहूनसुद्धा नाही.
पावनं कुणालाच वाटलं नाही ते.

फळ्याकडे बघितलं. पंच्याण्णवच्या आतलंच होतं,
नियमात बसणारं.
पुढचं गाणं लावलं,
आणि रिसीव्हर नीट ठेवलाय ना,
ते दोनदा उचलून बघितलं.